सातोंच्या मुलाची भानगड

“काकू, सातोंच्या मुलाचं कळलं का?”

“साठ्यांच्या? त्याला काय झालं? सकाळी तर स्कूटरला किका मारत होता.”

“साठे नव्हे हो, सातो. काझुमा सातो. जपानचा.”

“हात्तिच्या! मला वाटलं आपल्या गल्लीतला.” असं म्हणाल्या खऱ्या, पण झारी खाली ठेवून काकू कुंपणाशी आल्याच. माणूस जपानचा असो की जत तालुक्यातला, भानगड ती भानगड.

“गेला हो.”

“अगं बाई! कशानं?”

“ट्रॅक्टरनं. म्हणजे ट्रॅक्टरनंही नाही. शाळेत जायचं बंद करून घरात बसलेला मुलगा, दिवसरात्र व्हिडिओ गेम. नवा गेम आणायला म्हणून कधी नव्हे तो बाहेर पडला. परत येताना रस्त्यात एक मुलगी दिसली आणि तिच्या अंगावर येणारं मोठं धूड. हा धावला, तिला ढकललं आणि स्वतः मेला.”

“चांगल्या कामात गेला म्हणायचं.”

“कसलं चांगलं काम! धूड म्हणजे साधा ट्रॅक्टर, रमतगमत चाललेला. आपोआप थांबणारच होता. मुलीला याच्या ढकलण्यानंच काय ते लागलं. याला वाटलं ट्रकखाली आलो, आणि त्या धसक्यानं हृदय बंद पडलं. वर कपडे ओले केले. डॉक्टर हसले, नर्सा हसल्या, आणि घरचे धावतपळत आले तेही हसले.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की हळहळ, ते मला कळलं नाही. “एवढं आतलं तुला कोण सांगतं गं?”

“आक्वा. देवी आहे ती, पाण्याची. अकाली गेलेल्या जपानी पोरांना पुढची वाट दाखवायचं खातं तिच्याकडे. वेफर्स खात बसलेली असते. त्याला समोर बसवून हे सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि पोट धरून हसली.”

आता इथे काकूंना थोडं मागचं सांगणं भाग होतं. ‘कोनोसुबा’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका. जपानात गेली काही वर्षं अशा गोष्टींचा सुळसुळाट आहे: साधा, एकलकोंडा मुलगा मरतो आणि दुसऱ्या जगात जाऊन पोचतो. तिथे राक्षस, जादू, तलवारी, आणि इथे कुणी विचारत नव्हतं तोच तिथे महावीर. इसेकाई म्हणतात या प्रकाराला. मरण बहुतेक वेळा ट्रकखाली. इतके नायक ट्रकखाली गेले की बघणाऱ्यांनी त्या ट्रकला लाडानं ‘ट्रक-कुन’ असं नावच ठेवलंय. पुढे पुढे तर मेलेला माणूस बुळबुळीत स्लाइम होऊन जन्मायला लागला, कोळी होऊन, तलवार होऊन, आणि एका गोष्टीत चक्क पैसे टाकून पेय काढायचं यंत्र होऊन. हे यंत्राचं प्रकरण 2023 मध्ये पडद्यावर आलं. 2016 मध्ये जपानातल्या एका कथास्पर्धेनं ‘दुसऱ्या जगात जाणाऱ्यांच्या कथा पाठवू नयेत’ असं जाहीरच करून टाकलं.

“म्हणजे सगळ्यांना इथून पळायचंय,” काकू म्हणाल्या. “आणि जाऊन काय करतात?”

“बाकीचे राज्य करतात. आपला काझुमा विटा रचतो.”

“गवंडीकाम?”

“सांगते ना. देवीनं त्याला पर्याय दिले. एक, पुन्हा तान्हं बाळ होऊन जन्म घे. दोन, स्वर्गात जा, पण तिथे टीव्ही नाही, गेम नाही, करायला काहीच नाही. तीन, एका दुसऱ्या जगात सैतानांच्या राजानं उच्छाद मांडलाय, तिकडे जाऊन त्याला मार. सोबत काय हवं ते एक मागून घे. दिव्य तलवार, अफाट शक्ती, वाटेल ते. पोरगा यादी चाळतोय आणि ही मागून भुणभुण लावतेय, लवकर आटप, पुढची माणसं खोळंबलीत, तुझ्यासारख्याकडून काय अपेक्षा धरायची. मग हा म्हणाला, ‘तूच चल.’”

“देवीलाच मागितलं?”

“हो. आणि नियमात बसलं.”

“म्हणजे अर्जुनानं सैन्य सोडून कृष्णाला मागितलं, तसंच की!”

“अगदी तसंच. फक्त कृष्णाला डोकं होतं.”

काकूंनी डोळे वटारले, पण कान इकडेच.

खरी मौज इथून पुढे आहे, आणि ती मला बाकीच्या दुसऱ्या-जगवाल्यांच्या गोष्टींत सापडत नाही. अ‍ॅक्सेल नावाचं गाव, नवशिक्यांसाठीच वसलेलं. दोघं मोठ्या रुबाबात साहसवीरांच्या संघाच्या कचेरीत गेली. तिथली बाई गोड हसून म्हणाली, नोंदणीचे माणशी 1,000 एरिस. खिशात छदाम नाही. सैतानांच्या राजाला मारायला निघालेला वीर आणि साक्षात देवी फॉर्मच्या फीसाठी अडली!

“मग? उसने घेतले?”

“आक्वा गेली एका म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे. मी देवी आक्वा आहे, पैसे द्या. तो म्हणाला, बाई, मी एरिसदेवीचा भक्त. आता ही एरिस कोण, तर आक्वाच्या हाताखालची धाकटी देवी. या जगात पूजा तिची, मठ तिचे, आणि चलनाला नावसुद्धा तिचंच. आक्वाचे भक्त मूठभर, आणि त्यांच्या वाटेला कुणी जात नाही इतके ते पिडणारे. शेवटी त्या पुजाऱ्यानंच कीव येऊन पैसे दिले. ज्युनिअरच्या नावाचे पैसे, ज्युनिअरच्या भक्ताकडून!”

“चांगलं झोंबलं असेल.”

“रडली की. आक्वाचा आवाज सोरा आमामिया नावाच्या अभिनेत्रीचा आहे. ते भोकाड ऐका एकदा. मी जपानी शिकलेली नाही, पण ते रडणं कुठल्याही वाड्याच्या चौकात ओळखू येईल.”

मग मोजमाप झालं. त्या जगात तुमची ताकद, बुद्धी, नशीब सगळं एका कार्डावर उमटतं. आक्वाचे आकडे बघून कचेरीत टाळ्या पडल्या. बुद्धी मात्र सरासरीच्या खाली आणि नशीब अगदी तळाला. तरी तिला एकदम वरच्या दर्जाची धर्मोपचारक करून टाकलं. काझुमाचं सगळं बेतास बात, फक्त नशीब जोरावर. बाई त्याला म्हणाली, साहसाच्या भानगडीत न पडता व्यापार का नाही करत तुम्ही? ऐकलं नाही. सगळ्यात खालचा दर्जा घेतला आणि बसला.

“त्या बाईचं ऐकायला हवं होतं,” काकूंचा निर्णय लगेच झाला.

“पुढे ऐकलंच. जपानमधल्या घरगुती वस्तू तिथे बनवून विकायच्या, हे त्याला सुचलं तेव्हा कुठे पैसा दिसला. पण आधी गवंडीकाम. गावाची तटबंदी बांधायला मजूर हवे होते. दिवसभर दोघं घाम गाळतात. आक्वा तर इतका सुबक गिलावा करते की मुकादम खूश. संध्याकाळी रोजची मजुरी, सार्वजनिक हमामात आंघोळ, मग पोटभर जेवण आणि बिअर, आणि झोपायला घोड्यांचा तबेला. असे किती दिवस जातात, आणि दोघंही खूश! मग एका रात्री काझुमा गवतात ताडकन उठून बसतो. हे काय चाललंय? राक्षसांशी लढाई कुठाय?”

“पण मी म्हणते, त्यात वाईट काय होतं? पोरगा खोलीतून बाहेर पडला, कामाला लागला, चार माणसांत जेवला. सातोबाईला कळलं असतं तर तिनं साखर वाटली असती.”

हे मला सुचलं नव्हतं. मालिका एवढ्या पटकन पुढे जाते की तो तबेल्यातला सुखाचा काळ विनोद म्हणून निघून जातो. लेखकाला काकूंसारखंच वाटत असणार, असा मला संशय आहे. नात्सुमे अकात्सुकी हे त्यांचं नाव. डिसेंबर 2012 पासून ते ही गोष्ट इंटरनेटवर फुकट लिहीत होते, जिथे कुणीही उठून कादंबरी टाकू शकतो अशा ठिकाणी. 1 ऑक्टोबर 2013 ला कादोकावा प्रकाशनानं तिचं पुस्तक काढलं, कुरोने मिशिमा यांची चित्रं घालून. मे 2020 पर्यंत मूळ कथेचे 17 खंड झाले. तिथे शेकड्यानं लोक दिव्य तलवारीच्या गोष्टी लिहीत असताना यांनी फी, उधारी आणि घरभाडं लिहिलं.

“बरं, मग राक्षस भेटले का नाही?”

“बेडूक भेटले. घराएवढे. तीन दिवसांत पाच मारायचे. आक्वा म्हणाली, बघच आता देवीचा प्रताप. दैवी ठोसा उगारून धावली आणि बेडकाच्या पोटात बदकन मारला. बेडकाचं पोट मऊ, ठोसा लागतच नाही. बेडकानं सावकाश खाली पाहिलं आणि गिळली तिला. पाय तेवढे बाहेर.”

काकूंना ठसका लागला.

“बाहेर काढली तेव्हा चिकट लाळेत नखशिखांत माखलेली, भोकाड पसरलेली. आणि दुसऱ्या वेळी परत तेच! संध्याकाळी खानावळीत मात्र तोच बेडूक तळून खातात.”

मग माणसं हवीत म्हणून जाहिरात लावली. ‘उच्च दर्जाचेच लोक पाहिजेत’ असं आक्वानं त्यात लिहिलं, त्यामुळे कुणी फिरकेना. शेवटी जी आली ती मेगुमिन. डोळ्याला पट्टी, मोठ्ठी टोपी, भाषण नाटकातलं. तिला एकच मंत्र येतो, महास्फोट. डोंगर उडेल असा. दिवसातून एकदाच, आणि तो टाकला की ही जमिनीवर पालथी, बोटही हलवता येत नाही. दुसरा लहानसहान मंत्र शीक म्हटलं तर म्हणते, छे, माझं प्रेम स्फोटावरच.

“मग घरी कशी जाते?”

“काझुमाच्या पाठीवर. रोज.”

आणि तिसरी डार्कनेस. उंचीपुरी, चिलखत घातलेली, देखणी. तलवार हातात, पण समोर उभ्या असलेल्यालाही लागत नाही. संरक्षण मात्र लोखंडी. कारण...

“कारण काय?”

“ते कुंपणावरून सांगायचं नाही.”

“सांग गं, इथे कोण आहे?”

“तिला मार खायला आवडतो.”

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या गॅलरीत कुणी नव्हतं. “डॉक्टरला दाखवलं का?”

इथे मालिकेशी माझं भांडण आहे. डार्कनेसचा तो एकच विनोद इतका ताणलाय की तिसऱ्यांदा हसू येत नाही. काझुमाला चोरीची विद्या मिळाल्यावर तो बायकांचे काय काय कपडे पळवतो, तेही मी काकूंना सांगितलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्यातच गंमत वाटत असणार. मुलगा बघत असेल तर तेवढ्या वेळात मी पाणी प्यायला उठते.

पण कोबीचा भाग आठवला की सगळं माफ. गावात भोंगा वाजतो, लोक दारंखिडक्या लावून घेतात, वीर मंडळी वेशीबाहेर जमतात. काझुमाला वाटतं, आला सैतानांचा राजा. आणि क्षितिजावरून येतो हिरवा ढग. कोबी! गड्डेच्या गड्डे पानं फडफडवत उडत येतात. त्या जगात कोबी पिकला की खाल्लं जायचं नाही म्हणून उडून जातो, गावं, माळ, समुद्र ओलांडतो आणि कुठेतरी दूर, माणसाचा पाय न लागलेल्या जागी जाऊन गपचूप मरतो. मग त्याला वाटेतच पकडायचं. त्या वर्षी पीक चांगलं, म्हणून गड्ड्याला 10,000 एरिस.

“एका गड्ड्याला?” काकू दर गुरुवारी मंडईत जातात. “आणि त्या देवीनं किती पकडले?”

“भरपूर. पण मोजायच्या वेळी निघालं काय, तर तिनं पकडलेले बहुतेक लेट्यूस. सॅलडचा पाला! त्याला भाव नाही. आणि येणाऱ्या पैशाच्या भरवशावर खानावळीत आधीच उधारी करून ठेवलेली.”

“नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नशीब तळाला म्हणालीस ना, ते हे.”

काकूंचं लक्ष आता पक्कं हिशोबात होतं. भिशीची वही यांच्याकडे असते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. म्हणून मी त्यांना बेल्डियाचं प्रकरण नीट, आकड्यांसकट सांगितलं.

“गावाबाहेर टेकडीवर एक पडका किल्ला. मेगुमिनला रोज एक स्फोट केल्याशिवाय चैन पडत नाही, तर दोघं रोज फिरायला जातात, ती लांबून त्या किल्ल्यावर एक स्फोट टाकते, हा तिला पाठीवर घेऊन परत येतो. पुढे पुढे याला त्यातलं इतकं कळायला लागतं की आजचा कसा झाला, कालच्यापेक्षा दणका कसा खोल होता, असं बोलत येतात. पण किल्ला रिकामा नव्हता.”

“अगं बाई.”

“सैतानांच्या राजाचा सेनापती नुकताच राहायला आलेला. बेल्डिया. मुंडकं धडावर नाही, काखेत धरून फिरतो. शेवटी बिचारा वैतागून गावाच्या वेशीवर आला, तक्रार घेऊन. कोण रोज माझ्या घरावर स्फोट करतंय? मी खालच्या दर्जाच्या गावाला त्रास द्यायला आलेलो नाही, गप्प बसलोय, तर रोज, रोज!”

“बरोबर आहे त्याचं. वरच्या मजल्यावर रोज दुपारी पाटा वरवंटा आपटला तर माणूस किती दिवस ऐकून घेईल?”

“त्यानं रागानं डार्कनेसला शाप दिला. आठवड्यात मरशील, सोडवायचं असेल तर या माझ्या किल्ल्यात. आणि गेला. त्याची पाठ वळली तशी आक्वानं एका मंत्रात शाप काढून टाकला. काम तिचं चोख असतं, डोकं नाही एवढंच. मग जाणार कशाला? तो तिकडे वाट बघत बसला. कुणी येईना. वर मेगुमिननं स्फोट चालूच ठेवले. चिडून परत आला की तुम्हाला सोबतिणीची काही किंमत आहे का, तर डार्कनेस समोर ठणठणीत!”

काकू कुंपणाच्या खांबाला धरून हसत होत्या.

“लढाई झाली. पाणी त्याला सोसत नाही हे कळल्यावर आक्वानं पूर आणला, तो खिळखिळा झाला. मग काझुमानं चोरीच्या विद्येनं त्याचं मुंडकंच पळवलं, वीर मंडळी त्याचा फुटबॉल खेळली आणि आक्वानं त्याला मुक्ती दिली. बक्षीस किती? 30 कोटी एरिस.”

“चला! सुटले एकदाचे.”

“थांबा. पुरानं वेशीची भिंत आणि अर्धं गाव धुऊन गेलं. भरपाईचं बिल 34 कोटी.”

काकूंनी क्षणभर ओठ हलवले. “चार कोटी अंगावर.”

“चार कोटी अंगावर. आणि ज्या तटबंदीवर आधी रोजंदारी केली, तीच हिनं पाडली.”

पुढे एक मोठा वाडा फुकट राहायला मिळाला तोही असाच. भुतं झाली म्हणून मालक टेकीला आलेला. भुतं आली कुठून? तर स्मशानातल्या आत्म्यांना वेळोवेळी मुक्ती देण्याचं काम आक्वानं अंगावर घेतलेलं आणि कंटाळा करून स्मशानाला कुंपणच घातलं. आत जागा नाही म्हटल्यावर ती बिचारी वाड्यात राहायला गेली. मग हिनंच ती हाकलली आणि वाडा घेतला.

“हे किती दिवस चालतं गं? आमच्या मालिकांसारखं वर्षानुवर्षं?”

“पहिल्या पर्वाचे दहाच भाग. 2016 च्या जानेवारीत सुरू झालं, मार्चमध्ये संपलं. दुसऱ्या वर्षी आणखी दहा.”

“दहा? आमच्याकडे दहा भागांत हळदसुद्धा लागत नाही.”

पहिली दोन पर्वं स्टुडिओ डीननं केली, दिग्दर्शक ताकाओमी कानासाकी. 2019 मध्ये चित्रपट झाला, तिसऱ्या पर्वासाठी मात्र 2024 उजाडलं. चित्रं बघून काही जण नाकं मुरडतात. चेहरे वेडेवाकडे होतात, हनुवट्या सरकतात, रडताना तोंडाचं भोक कपाळापर्यंत जातं. मला तर तेच आवडतं. सुंदर चेहऱ्यानं कुणी चार कोटींच्या कर्जावर रडत नाही.

“आणि कर्ज फिटलं का?”

“आणखी एक चालता-फिरता किल्ला गावावर येत होता, तो यांनी थांबवला. त्यातला धगधगता दगड फुटणार म्हणून जादूनं भलतीकडे पाठवून दिला. नेमका तो जाऊन पडला जहागीरदाराच्या हवेलीत. माणूस कुणी मेला नाही, हवेली गेली. काझुमाला राजद्रोहाखाली अटक.”

“हात दाखवून अवलक्षण! मग?”

“खटला. तिथे एक घंटा असते, समोरचा खोटं बोलला की वाजते.”

“ती आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आणता येईल का?”

“फाशी ठरली होती काकू. तेवढ्यात डार्कनेस उठली आणि गळ्यातलं घराण्याचं चिन्ह दाखवलं. डस्टिनेस घराणं! राजाच्या जवळचे लोक. खरं नाव लालातिना. म्हणाली, थोडी मुदत द्या, मी जबाबदार. न्यायाधीशाची बोलतीच बंद.”

काकूंचा चेहरा पालटला. आतापर्यंत डॉक्टरला दाखवायच्या मुलीचं एकदम स्थळ झालं होतं. “एवढ्या मोठ्या घरची? आणि बिनलग्नाची?”

“तेच सांगते. त्या जहागीरदाराचा मुलगा सांगून आला, वॉल्टर. बाप लबाड, पण मुलगा हिरा. गोरगरिबांना सांभाळून घेणारा, बोलणं नम्र, स्वतःची चूक असेल तर हाताखालच्याचीही माफी मागणारा. डार्कनेसचे वडील खूश. बघण्याचा कार्यक्रम ठरला.”

“मग अडलं कुठे? पत्रिका?”

“मुलीलाच नको. तिचं म्हणणं, मुलगा फार चांगला आहे.”

“काय?”

“तिला आळशी, खादाड, कर्जबाजारी, बायकोला राबवणारा नवरा हवाय. कार्यक्रमात मोडता घालायला तिनं काझुमाला नोकराच्या वेशात नेलं. शेवटी मुलासमोर आणि वडिलांसमोर थाप मारली की माझ्या पोटात याचं मूल आहे.”

काकूंनी कपाळावर हात मारला. बराच वेळ बोलल्या नाहीत. जास्वंदीचं एक वाळलेलं पान खुडलं.

“आणि मुलगा? ओरडला असेल, सामानसुमान फेकलं असेल.”

“काही नाही. शांतपणे म्हणाला, मुलीला बोल लागायला नको, मीच नकार दिला असं घरी सांगतो. आणि गेला.”

काकू माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून कुंपणावरून वाकल्या.

“वय काय म्हणालीस गं त्याचं?”